डावीकडचे डाग

पारसचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच आईच्या गच्चीवर उभी होते. सकाळचे पावणेनऊ झाले होते. पाटावरच्या कागदावर सूर्याचं बिंब पडलं होतं, हातात पेन्सिल होती आणि सूर्यावरच्या डागांच्या सात गटांपैकी पाच मांडून झाले होते. "मावशी, मम्मी गेली," एवढंच तो सुरतेहून बोलला. मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. फोन ठेवला, उरलेले दोन गट मांडले, वेळ लिहिली, आणि मग टाकीला टेकून खाली बसले. हे वाचून कुणाला मी दगडाच्या काळजाची वाटेन. पण कांचन मॅडमच्या, म्हणजे पारसच्या आईच्या, सासूबाई गेल्या त्या सकाळी मॅडमनी हेच केलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना पाच मिनिटं वर येऊन, ओल्या केसांनी, सूर्य मांडून त्या खाली गेल्या होत्या. मी त्यांच्या तालमीत तयार झालेली बाई आहे.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मॅडमविषयी लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले, कारण चार गोड आठवणी लिहून हात झटकणं मला जमणार नव्हतं. मला एक कबुली द्यायची आहे. ती देण्याआधी मॅडम कोण होत्या हे सांगायला हवं, नाहीतर मी काय करून बसले ते कळायचं नाही.

मॅडम मूळच्या खापर गावच्या. घरची किराणा आणि कापडाची दुकानं, चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घराणं. मुलगी गणितात हुशार निघाली म्हणून वडिलांनी हौसेने एम.एस्सी. करू दिलं, भौतिकशास्त्रात. दक्षिणेतल्या एका संस्थेत संशोधनासाठी निवड झाल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात साखरपुडा होता. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता असं त्या नेहमी म्हणत. कुणी पत्र फाडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. सगळ्यांनी ते वाचलं, पेढे वाटले आणि साखरपुड्याच्या तयारीला लागले. मला विचाराल तर फाडलेलं परवडलं असतं. निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

लग्न होऊन त्या शहाद्याला आल्या आणि आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागल्या. मी तिथे प्रयोगशाळेत सहायक होते. कोरीट गावची, बारावी पास, काम काय तर भिंगं पुसायची आणि पोरांनी वाकवलेल्या टाचण्या सरळ करायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सुशी, हे भिंग पुसताना तू गोल का पुसतेस?" मी म्हटलं, "तवा तसाच पुसतस ना मॅडम." त्या इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग त्यांनी मला भिंग कसं पुसायचं ते दाखवलं, आणि पुढची तीस वर्षं काही ना काही दाखवत राहिल्या. मी त्यांना शेवटपर्यंत मॅडमच म्हटलं. त्या खापरच्या असल्याने अहिराणी माझ्याइतकीच फर्डी बोलत, पण फक्त माझ्याशी आणि फक्त गच्चीवर.

गच्चीचं असं होतं. मॅडमना ताऱ्यांवर काम करायचं होतं. पण त्यांच्या सासरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत, दिवेलागणीनंतर सुनेने गच्चीवर जायची पद्धत नव्हती. आजूबाजूची घरं भिंतीला भिंत लावून. लोक काय म्हणतील हा प्रश्न आमच्या शहाद्यात फार वरच्या आवाजात विचारला जातो. सकाळी मात्र सून वर गेली तर कुणाची हरकत नसे, कारण सकाळी पापड, मुगाच्या वड्या वाळत घालायच्या असत. "मग मी जो तारा दिवसा दिसतो तोच घेतला," त्या सांगत, "आणि त्यासोबत दोन किलो वड्या." भावाने सुरतेहून आणलेली छोटी दुर्बीण त्यांनी वड्यांच्या चादरीशेजारी मांडली. सूर्याकडे दुर्बिणीतून डोळा लावून बघायचं नसतं, आंधळे व्हाल. दुर्बिणीतून येणारा उजेड कागदावर पाडायचा. त्यांच्या दुर्बिणीला मागे काटकोनात वळवणारा एक तुकडा होता, त्यामुळे वितभर रुंदीचं बिंब खाली आडव्या ठेवलेल्या लाकडी पाटावर पडे. पाट जेवायचाच, चार विटांवर ठेवलेला. त्यावर कागद, कागदावर आधीच आखलेलं वर्तुळ, आणि सूर्यावर जे काळे डाग दिसतील ते जसेच्या तसे पेन्सिलीने मांडायचे. मग गट मोजायचे, डाग मोजायचे आणि वहीत लिहायचे. तारीख, वेळ, गट, डाग, शेवटी शेरा. दहा मिनिटांचं काम. मॅडमनी ते चोवीस वर्षं केलं.

सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. अशी दोन चक्रं एकाच माणसाने, एकाच दुर्बिणीने, एकाच जागेवरून मांडलेली असली तर त्याला मोल असतं. दहा वर्षांची कागदपत्रं जमली तेव्हा मॅडम ती पिशवीत घालून एका मोठ्या प्राध्यापकांकडे पीएच.डी.साठी गेल्या. मीही सोबत होते, पिशवी धरायला. प्राध्यापकांनी चार कागद उलटले आणि म्हणाले, "चित्रं सुबक आहेत. पण घरातल्या बाईने कामं सांभाळून काढलेली. यांचा भरवसा काय धरायचा?" परतीच्या एसटीतून शहादा स्टँडवर उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्याचा प्रश्न बरोबर आहे, सुशी. विचारायची रीत चूक आहे." त्यानंतर त्यांनी परदेशातल्या एका केंद्राकडे आपले आकडे पाठवायला सुरुवात केली. जगभरातले निरीक्षक तिथे आकडे पाठवतात, आणि कोण किती भरवशाचा हे केंद्र दर महिन्याला एका अंकाने कळवतं. मॅडमचा अंक चौदा वर्षांत हलला नाही. तो अंक हीच त्यांची पदवी होती. महिनाअखेरीस तो आला की त्या मला नुसतं "आला" म्हणत, आणि मी घरी जाऊन काहीतरी गोड करत असे. माझी मुलगी मनीषा आज पुण्यात सूर्याच्याच विषयात संशोधन करते, ती त्या गच्चीवर वाढली. तिच्या वेळी पत्र आलं तेव्हा मॅडम स्वतः माझ्या घरी येऊन, माझ्या सासूबाईंसमोर मांडी घालून बसल्या आणि होकार घेऊनच उठल्या.

आता जे सांगायचं ते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. मॅडम निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, यजमान आधीच गेलेले, पारस सुरतेला, घरात त्या एकट्या. मी रोज सकाळी जात असे. सूर्य त्या दिवसांत डागांनी गजबजलेला होता. दुसरं चक्र ऐन भरात आलेलं, ते शिगेला पोचून उतरायला लागलं की नोंद पुरी झाली असं मॅडम म्हणत होत्या. आणखी आठ-दहा महिने. त्या सकाळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "डावा बाजूले आज काहीच नही शे." मी पाटाजवळच उभी होते. बिंबाच्या डाव्या कडेला एक मोठा गट होता. मसुराएवढा काळा ठिपका, भोवती राखाडी कडा, मागे तीन बारके. कारखान्याची काजळी पडली असेल म्हणून मी कागदावर फुंकर मारली. डाग जागचा हलला नाही.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ज्या बाईने मला बघायला शिकवलं तिला तुम्हाला दिसत नाही असं सांगायला जीभ उचलेना. मी म्हणाले, "हां मॅडम, नही शे." त्या वड्या उलटायला वळल्या आणि मी पेन्सिल घेऊन ते चार डाग मांडले. त्यांच्यासारखेच, हलक्या हाताने. महिनाअखेरीस कागदांवरचे डाग मोजून केंद्राला आकडे पाठवायचं काम तेव्हा माझ्याकडेच होतं. वाटलं, उन्हाने डोळे दिपले असतील. वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, अंक बिघडायला नको. दुसऱ्या दिवशी तोच गट थोडा आत सरकला होता आणि मॅडमना तो तरीही दिसला नाही. मी पुन्हा मांडला. पाचव्या दिवशी तो बिंबाच्या मध्यावर आला तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "अरे, हा कधी उगवला?" सूर्य फिरत असतो, डाग कडेवरून येऊन दोन आठवड्यांत दुसऱ्या कडेला जातात, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. तिला मी गप्प बसवलं.

पुढचे आठ महिने मी रोज डावी बाजू भरत होते. त्या वेळ बघायला घड्याळाकडे वळल्या की, पाणी आणायला खाली गेल्या की, पक्ष्यांना दाणे टाकायला कठड्याशी गेल्या की. पावसाळ्यात ढगांमुळे पंधरा-पंधरा दिवस सूर्यच दिसला नाही आणि मला सुटका झाल्यासारखं वाटलं. अंक महिन्याच्या महिन्याला येत होता, जसाच्या तसा. मॅडम "आला" म्हणत. मी शिरा करत होते, आणि सगळा शेजारी वाटून टाकत होते.

आणि नुसते डागच असते तर... पण तसं नव्हतं. श्रावणात मी त्यांना जेवायला बोलावलं. माझ्या हातचं कैरीचं लोणचं, त्यांच्यासाठी बिनलसणाचं, हे त्यांचं फार आवडीचं. पहिला घास त्याचाच. त्या दिवशी ताटाच्या उजवीकडची भाजी, आमटी, पोळी सगळं संपलं. डावीकडचं लोणचं, चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशी वाढली तशी राहिली. ताटाच्या मधोमध कुणी रेघ मारल्यासारखं दिसत होतं. "लोणचं नको का मॅडम?" म्हटलं तर त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "तू वाढलंच नाहीस." मी ताट उचललं, मोरीपाशी नेलं आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले. मग आत येऊन म्हणाले, "विसरनू व माय." दिवाळीपर्यंत त्यांच्या डाव्या दंडावर काळेनिळे वळ दिसायला लागले, जिन्याचं दार डावीकडे होतं, त्यावर त्या आदळत. एकदा त्या एकाच पायात चप्पल घालून बाजारापर्यंत आल्या. दुसरी दाराशीच, डावीकडे पडलेली. लोक हसले. मीही हसले, कारण हसले नसते तर रडले असते.

तरी मी पारसला फोन केला नाही. कितीदा नंबर काढला. काय सांगायचं होतं? तुझी आई डावीकडचं लोणचं खात नाही? आणि सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी गाडी पाठवली असती, मॅडम सुरतेला गेल्या असत्या आणि नोंद तुटली असती. शेवटच्या सहा महिन्यांत. त्या प्राध्यापकाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. आणि दुर्बिणीवरून मॅडमना मी उठवलं असं झालं असतं. मी स्वतःला असं समजावत होते. खरं हे की मला भीती वाटत होती, आणि घाबरलेल्या माणसाला कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी मॅडम गच्चीवर पडल्या. फिटचा झटका आला होता. पारस येऊन त्यांना सुरतेला घेऊन गेला, सोबत मीही गेले. सुरतेच्या डॉक्टरांनी मेंदूच्या उजव्या बाजूची गाठ दाखवली. त्यांनी समजावलं ते असं की डोळे धड असतात, पण डोकं डावीकडची दखल घेत नाही, त्या माणसासाठी डावी बाजू नसतेच. मग ते म्हणाले की आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर वेगळं बोललो असतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात पारसने माझा हात धरला. "मावशी, तुम्ही रोज जायचात. काही दिसलं होतं का तुम्हाला?" मी नाही म्हणाले.

मॅडम त्यानंतर सात आठवडे होत्या. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या खेपेला मी पलंगाच्या डाव्या बाजूला बसले होते, विसरूनच. त्या उजवीकडच्या भिंतीशी बोलत राहिल्या. "सुशी वनी का?", आली का सुशी, असं भिंतीलाच विचारत होत्या. मी उठून पलीकडे जाईपर्यंत त्यांना झोप लागली.

त्या गेल्यावर महिन्याभराने मनीषा आली. चोवीस वर्षांचे कागद तिला नीट लावून ठेवायचे होते. वह्या चाळता चाळता ती थांबली. शेवटच्या वहीत, जी मॅडमच लिहीत आणि मी कधी उघडली नव्हती, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला एक कागद होता. त्यावर सूर्याची दोन वर्तुळं, एकाच दिवसाची, तीन मिनिटांच्या अंतराने काढलेली. पहिल्यात डावी बाजू कोरी. दुसरं मॅडमनी पाटाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन, म्हणजे बिंब उलटं धरून काढलं होतं. त्यात पहिल्या खेपेला न दिसलेले सगळे डाग होते, आणि आधी दिसलेले गायब. खाली तारीख होती जूनच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे मी पहिला डाग मांडला त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. आणि त्यांच्या त्या सरळ, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरांत लिहिलं होतं: "दोष सूर्यात नाही, दुर्बिणीत नाही. दोष निरीक्षकात आहे. डावीकडचे डाग सुशीला मांडते. तिचं निरीक्षण बरोबर आहे. तिला वाटतं मला कळत नाही. चक्र पुरं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

मनीषाने ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू कोनलेच का नही सांगं?" तिने वही उघडी ठेवली आणि जूनपासूनचे शेरे दाखवले. रोजच्या शेऱ्यात, ढग, वारा, धूळ यांच्या शेजारी, बारीक "सु." लिहिलेलं होतं. साडेसात महिने, सूर्य दिसला त्या प्रत्येक दिवशी. मी चोरून करत होते, त्या नोंदवून ठेवत होत्या. गच्चीवर दोन बायका रोज दहा मिनिटं एकमेकींच्या शेजारी उभ्या राहत, दोघींना माहीत होतं, आणि दोघी वड्यांविषयी बोलत होत्या. त्यांनी आपल्या जिवाचं गणित मांडून ठरवलं होतं, मी गणित न मांडताच त्यांना मदत केली. त्या मोठ्या होत्या म्हणून त्यांना हे शोभलं असं कुणी म्हणेल. मला नाही शोभलं. मी त्यांच्यावर रागावले आहे, आणि हा राग घेऊन कुणाकडे जायचं ते मला कळत नाही.

केंद्राला मी पत्र पाठवलं, मनीषाने इंग्रजीत लिहून दिलं. आठ महिन्यांचे आकडे दोन निरीक्षकांचे आहेत, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्यांचं उत्तर सभ्य होतं. ते महिने वेगळे दाखवले जातील, आधीची नोंद मॅडमच्या नावावर राहील. हा लेख छापायला देण्याआधी पारसला फोनवर वाचून दाखवला. तो एवढंच म्हणाला, "छापा." फोन मात्र त्याने न सांगताच ठेवला, आणि त्यानंतर त्याचा फोन नाही. गच्चीची किल्ली त्याने अजून मागितलेली नाही, म्हणून मी जाते.

मॅडमचा तो कागद पाहिल्यापासून मी सूर्य दोनदा मोजते. एकदा पाटाच्या अलीकडून, मग पलीकडे जाऊन. रोज दोन्ही खेपांचा आकडा सारखा येत होता, आणि सारखा आला की मी खाली उतरून चहा टाकत असे. काल दुसऱ्या खेपेला एक डाग कमी भरला. पुन्हा मोजलं, पुन्हा कमीच. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता. माझ्या वहीत, शेऱ्यात तसंच लिहिलं, आणि खाली उतरायच्या आधी मनीषाला फोन करून सांगितलं.